दोर बोटांनी बघायचा

हैबती, तुझ्या बोचक्याची गाठ मी सोडली नाही. दहा दिवस ते माझ्या दुकानात कंदिलांच्या फळीवर पडून होतं. अमिना दोनदा म्हणाली, "अहो, आत भाकरी असेल, मुंग्या लागतील." मी तिच्यावर खेकसलो. ज्याची गाठ त्यानंच सोडायची, हा तुझा कायदा. पाहुणा लाटसाहेब असो की रेल्वेतला कारकून, त्याच्या बोचक्याला तू कधी हात लावला नाहीस, आणि तुझ्या बोचक्याला कुणी हात लावलेला तुला कधी खपला नाही. मुंग्या लागल्याच. मी फळीवर हळदीची रेघ ओढली आणि बोचकं तसंच राहू दिलं.

त्या दहा दिवसांत लोणावळ्याच्या बाजारात जो तो एकच बोलत होता. न्हाव्याच्या दुकानात तेच, पाणवठ्यावर तेच, जुम्म्याच्या नमाजाहून निघताना मशिदीच्या पायरीवरही तेच. बाईनं पोळ्याला दोर रंगवला, रंगानं दोर खाल्ला, दोरानं माणूस खाल्ला. आणि तिकडे तुझ्या गावी, कुरवंड्यात, तुझी ठकूबाई, माझी वहिनी, हेच मनाशी धरून बसली होती. "म्याच मारला त्यांना," म्हणायची आणि राखेनं हात घासायची. हातांचा रंग कधीच गेला होता, तरी घासायची. मला हे तुझ्या भावकीतल्या एकानं सांगितलं, मीठ घ्यायला आला होता तेव्हा. मी त्याला मीठ मोजून दिलं.

दोर रंगानं तुटला नाही, हैबती. कशानं तुटला ते मला माहीत होतं. एकट्या मला. वहिनीला ते सांगायचं होतं आणि मी दहा दिवस तोंडाला कुलूप लावून बसलो. आज तुला सगळं पहिल्यापासून सांगतो. मधे बोलू नकोस. तसंही शेवटच्या दिवशी आपण बोलत नव्हतोच.

बावीस वर्षं झाली रे. तू पहिल्यांदा दुकानात आलास तेव्हा मी नुकता अब्बांच्या जागी गल्ल्यावर बसायला लागलो होतो. पायात काही नाही, खांद्यावर घोंगडी, आणि मागं दोन गोरे साहेब घामाघूम. त्यांना नागफणीच्या कड्यावर जायचं होतं. ते तिला कुठल्याशा विलायती सरदाराचं नाक म्हणत होते आणि तू त्यांच्या तोंडावर सांगितलंस, "नाक न्हाई सायेब, फणा हाय. नाकात जाता येतं, फण्यावर जपून जावं लागतं." साहेबांना कळलं काही नाही, पण माझी हसता हसता पुरेवाट झाली. तेव्हापासून डोंगराचं सामान माझं आणि डोंगर तुझा, अशी आपली वाटणी ठरून गेली.

आणि तुझी ती मांडणी! आदल्या दिवशी दुपारी माझ्या दुकानाच्या ओट्यावर घोंगडी अंथरायची आणि पाहुण्यांनी आणलेलं सगळं तिच्यावर मांडायचं. तू उकिडवा बसून एकेक वस्तू उचलायचास आणि विचारायचास, "हे कशाला?" उत्तर देता आलं तर वस्तू बोचक्यात, नाही तर माझ्या दुकानात ठेव. रेशमी झगा, आरसा, केसांच्या तेलाची बाटली, काय काय नाही राहिलं माझ्याकडे! मुंबईचा तो शेठ पितळी पिकदाणी घेऊन आला होता, आठवतं? तू ती उलटीपालटी करून बघितलीस. शेठ म्हणाला, "सवय आहे, लागते." तू म्हणालास, "डोंगर लय मोटा हाय शेट. कुटंबी थुका." पिकदाणी राहिली. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग लोकरी बंडी, कोरडे मोजे, घोंगडी, गूळ-शेंगदाणे, मीठ, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी असं सगळं ज्याचं त्यानंच बांधायचं. बांधून झालं की तू तुझं मुंडासं सोडायचास आणि त्यानं पाहुण्याचे डोळे बांधायचास. भर दुपारी, भर बाजारात! "आता काडीपेटी काडून दावा." घाटात धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा बोचक्यातलं सामान हातांना पाठ असायला हवं, हे तुझं म्हणणं. मोठमोठे वकील ओट्यावर आंधळ्यासारखे चाचपडायचे आणि समोर पोरांची ही गर्दी जमायची. ज्याला काडेपेटी सापडली नाही त्यानं सगळं सोडून पुन्हा बांधायचं. कुणी चिडलं की तू म्हणायचास, "हितं चिडा. तितं नगं."

सगळ्यात शेवटी दोर. तो मात्र आपला दोघांचा. तू एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. तू डोळे मिटून वीतवीत दोर बोटांतून सोडायचास, मी तो माझ्या बोटांतून घेत वेटोळं घालायचो. "दोर डोळ्यांनी न्हाई, बोटांनी बघायचा, दावद. डोळं फशिवत्यात." जिथं बोट अडखळेल तिथं काळ्या दोऱ्याची गाठ मारायची, आणि एकदा गाठ पडली की तो दोर डोंगरावर जायचा नाही, मग कितीही नवा असो. एकाच्या बोटांतून निसटलं तर दुसऱ्याच्या बोटांना लागेल, म्हणून दोघं. बावीस वर्षांत असं एकदाही झालं नाही की दोर एकाच माणसानं बघितला. झालं ते एकदाच झालं.

आपलं भांडणही तेवढंच जुनं. बूट! मी खिळे मारलेले बूट विकतो आणि माझा दोस्त गावभर अनवाणी फिरतो. मी म्हणायचो, तुझ्यामुळं माझी जाहिरात बुडते. तू म्हणायचास, "पायाला डोळं असत्यात. तू त्येंना कातड्यात कोंडतोस." हे पालथ्या घड्यावर पाणी होतं, तरी मी ओततच राहिलो. गेल्या वर्षी तुझा अंगठा फाटला. दगडानं नख निघालं, हाड दिसत होतं, आणि तू तशाच पायानं पाहुण्यांना घेऊन खाली आलास. ओट्यावर रक्ताचा ठसा पडला होता तो अमिनानं धुतला. ती रडत होती. मी तेव्हाच ठरवलं की या माणसाच्या पायात आता बूट घालायचेच.

तूही मला एकदा नागफणीवर नेलं होतंस. दोर विकणारा माणूस कधी दोरावर चढला नाही म्हणून बाजारात माझी चेष्टा व्हायची. मधल्या टप्प्यावर मी अडकलो. वर सरकवेना, खाली बघवेना. तू खालून माझी पावलं हातात धरलीस आणि एकेक पाऊल उचलून खाचेत ठेवलंस, लहान मुलाला चालायला शिकवावं तसं. वर पोचल्यावर मी हुंदके देऊन रडलो आणि तू बाजूला बसून शेंगदाणे सोलून देत होतास. ते रडणं तू कुणाला सांगितलं नाहीस. एवढा चेष्टेखोर माणूस तू, पण ते कधी सांगितलं नाहीस. त्यासाठी मी तुझा ऋणी आहे आणि हे तोंडावर म्हणायचं राहून गेलं.

आता ते सांगतो, जे तुला माहीत नाही.

दर वर्षी पावसाळ्यात डोंगराचा दोर माझ्या दुकानाच्या माळ्यावर राहायचा. तुझ्या घरात उंदीर, आणि चुलीचा धूर. माळ्यावर आढ्याला मोठी खुंटी आहे, दोर तिच्यावर टांगायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही, एवढीच तुझी अट. यंदा आषाढात एक साहेब बंगला सोडून विलायतेला गेला आणि त्याचे लोकरी कपडे मला मिळाले. एकेक बंडी अशी की हात फिरवत राहावं. त्यांना ओल लागू नये म्हणून मी ती गाठोडी खुंटीवर टांगली. आणि दोर? दोर खाली, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला. चार दिवसांसाठी म्हणून ठेवला. मग आपला पाऊस. तो कुठं चार दिवसांत थांबतो!

श्रावणात उघडीप पडली तेव्हा माळ्यावर गेलो. कोपऱ्यात कौल सरकलं होतं आणि दोर खालून चिंब होता. वास येत होता, कुजक्या पेंढ्याला येतो तसा. दोरात पाणी मुरलंय हे मला तेव्हाच कळलं, खोटं कशाला बोलू. मी दोर मागच्या अंगणात उन्हात टाकला, दोन दिवस उलटापालटा केला. वरून वाळला. काळपट डाग राहिले. मनात म्हटलं, दसऱ्याच्या सुमाराला हैबती आणि मी बघूच की बोटांनी, खराब असेल तर कळेल. आणि दोर परत खुंटीवर टांगला. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू लोकरी बंड्या बघितल्या असत्यास आणि विचारलं असतंस, "हे कशाला?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी तू कासऱ्यांसाठी रंगाची पुडी घ्यायला आलास. भादव्यातला आपला पोळा, सगळ्या मावळाची एकच घाई. जाताना माळ्यावरचा दोरही खांद्यावर टाकलास. घरी नेतो म्हणालास. मी तोंड उघडलं होतं, हैबती. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. हे निमित्त आहे, मला कळतं.

तू बैल धुवायला ओढ्यावर गेलास आणि वहिनीनं कासरे, वेसणी, गोंडे सगळं गुलाबी रंगात बुडवलं. त्यात हाही दोर. तू परत आल्यावर तिनं सांगितलं म्हणे, "बैलांचं दोर नवं झालं, मग ह्यानं काय पाप केलं? ह्यो बी घर चालवतोय की!" तू मला हे सांगताना किती हसला होतास. बैलांच्या पुढ्यात त्या दोरालाही पुरणपोळीचा घास ठेवला होता म्हणे तिनं. माझ्या दुकानातल्या पुडीनं माझ्या माळ्यावरचे डाग झाकले गेले, हे तुलाही माहीत नव्हतं आणि तिलाही.

मग दसरा झाला आणि पुण्याचे ते प्रोफेसर त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन आले. मांडणीच्या दुपारी मी तुझ्यासाठी शिवून घेतलेले बूट बाहेर काढले. तुझ्या पावलाचं माप मी त्या रक्ताच्या ठशावरून घेतलं होतं, अमिनानं तो धुवायच्या आधी. अमिना म्हणत होती, एकांतात द्या. पण मला मिरवायची हौस! सगळ्यांसमोर तुझ्यापुढं ठेवले. तू उचललेस, तळाचे खिळे बघितलेस आणि म्हणालास, "बैलाला पत्र्या मारत्यात, दावद. मानसाला न्हाई." ओटाभर हशा पिकला. प्रोफेसरसुद्धा हसले. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, "पाय तुटला तर माझ्या दारात येऊ नकोस. बैलाच्या गोठ्यात जाऊन बस."

हे मी म्हणालो. पाहुण्यांसमोर. तू बूट पायरीवर ठेवलेस आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन प्रोफेसरांचे डोळे बांधायला लागलास. आपला अबोला पडला. एरवी तो तासभर टिकायचा, चहापर्यंत. त्या दिवशी तू चहाही घेतला नाहीस.

आणि दोर आला. तो गुलाबी दोर, लग्नातल्या नवरीसारखा. मी तुझ्याकडे बघितलं नाही, तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तुला हाक मारायची म्हणजे मी हरलो. मी एकट्यानंच त्याचं वेटोळं घातलं, भराभरा, बोटं न लावता. माळ्यावरचा तो वास मनात येऊन गेला. पण मनानं लगेच उत्तर तयार ठेवलं: पोळ्यापासून दोर याच्या घरी आहे, यानं बघितलाच असेल. तू तिकडून मला वेटोळं घालताना बघत होतास. तुला वाटलं असेल, दावदनं बघितला. का तू घरी खरंच बघितला होतास, आणि तुझ्याही बोटांना चुकवून गेला? हा प्रश्न माझं डोकं खात होता.

सकाळी तुम्ही निघालात. मी फळ्या काढत होतो. तू खाली बघून पुढं गेलास. पायरीवर बूट नव्हते. मला वाटलं, रागानं गटारात फेकले असणार. संध्याकाळपर्यंत मी धुमसत होतो. तू मेला होतास आणि मी तुझ्यावर धुमसत होतो.

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर आले. टोपी नाही, कोट फाटलेला. तुझं बोचकं त्यांनी छातीशी धरलं होतं आणि दोराचे दोन तुकडे खांद्यावर. गल्ल्यासमोर उभे राहून ते सांगत होते आणि मधेच थांबत होते. उतरताना ते मधल्या टप्प्यावर अडकले. त्याच जागी, जिथं मी अडकलो होतो. विद्यार्थी आधीच खाली पोचले होते, पाय कातळावर ठेवून, दोराला नुसता हात लावून. तेवढा भार दोरानं सोसला. प्रोफेसरांनी मात्र खालची दरी बघितली आणि कातळाला मिठी मारली. तू वरून उतरून आलास. मुंडासं सोडून त्यांना एका झाडाच्या मुळाशी घट्ट बांधलंस. मग त्यांची पावलं खाचेत ठेवायला तुला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तू दोर कमरेला घेतलास आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलंस.

"ते मला म्हणाले, हितं बघा, खाली नगं," प्रोफेसर म्हणाले. "माझा उजवा पाय त्यांनी खाचेत ठेवला होता. डावा धरला होता. आवाजसुद्धा झाला नाही हो दाऊदशेठ. पायावरचा हात सुटला, एवढंच मला कळलं."

वाडीच्या लोकांनी त्यांना खाली उतरवलं. तुझ्या मुंडाशानं ते तोवर तसेच बांधलेले होते.

ते गेल्यावर मी दोराचं तुटलेलं टोक उलगडलं. तीनही पेड मोकळे केले. रंग वरवर बसला होता, आत गेलाच नव्हता. आतला वाख, तंतू न् तंतू, काळा, चुरा होणारा. आणि वास. माझ्या माळ्याचा वास. मी ते दोन्ही तुकडे पोत्याखाली सारले. तेवढ्यात न्हावी आला आणि म्हणाला, "रंगानं खाल्ला म्हणतात दोर, खरं का?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलली, मला आठवत नाही. त्याला हो वाटलं.

त्या एका मानेनं वहिनीला दहा दिवस जाळलं, हैबती.

दहाव्याला मी कुरवंड्याला गेलो. बोचकं खांद्यावर, पोत्यात दोराचे तुकडे. वाटेत दोनदा परत फिरलो. नमाजात तुझ्यासाठी हात उचलले होते ते आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली. वहिनी ओसरीवर बसली होती. हात अगदी सोललेले, लाल. मी बोचकं पुढं ठेवलं. "गाठ तुमी सोडा दावदभाऊ," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझी नाही ती. तुमची आहे." तिनं गाठ चाचपली. मग आत जाऊन तुझी जुनी घोंगडी आणली, अंथरली, आणि तुझ्यासारखीच उकिडवी बसून गाठ सोडली.

एकेक वस्तू काढून ती घोंगडीवर मांडत होती. मेणकापडातली काडेपेटी. मीठ. वाळून कडक झालेली भाकरी, मुंग्यांनी पोखरलेली. काळ्या दोऱ्याचं रीळ. आणि तळाशी, पंच्यात गुंडाळलेले बूट.

"ही पायतानं कुनाची?"

"त्याचीच. मी शिवून घेतली होती."

तिनं एक बूट उलटा केला. खिळ्यांमधे लाल माती बसली होती, खिळे दगडावर घासून चकाकत होते. आत टाचेशी कापसाचा बोळा होता, फोड येऊ नये म्हणून लावलेला. तू घातले होतेस, हैबती! बाजार मागं पडल्यावर, मी दिसेनासा झाल्यावर घातलेस आणि नागफणीच्या पायथ्यापर्यंत चालत गेलास. वर चढताना काढून ठेवलेस. मला कळू द्यायचं नव्हतं तुला. का परत आल्यावर ओट्यावर पाय आपटत येणार होतास? मला कळलं की आता नाही बोललो तर मी कधीच बोलणार नाही.

मी सांगितलं. खुंटी, लोकरी बंड्या, सरकलेलं कौल, दोन दिवसांचं ऊन. दोराचं टोक उलगडून तिच्या हातात दिलं. काळा वाख दाखवला. एकट्यानं घातलेलं वेटोळं सांगितलं. न्हाव्यापुढं हललेली मानसुद्धा सांगितली.

वहिनीनं वाख बोटांत चुरला. "म्हंजी रंगानं न्हाई."

"नाही वहिनी. रंग आत गेलाच नव्हता."

"मी त्यांना म्हनलं व्हतं, रंग वाळला का तेवडं बघा. तर म्हनले, आता कशाला, तितं दावदसंगं बघायचाच हाय."

मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते मला नको होतं.

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. गोठ्यात बैल मान हलवत होता, त्याच्या गळ्यात अजून गुलाबी गोंडा होता. मला वाटलं, ही आता शिव्या देईल, दोर तोंडावर फेकेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"धा दिस," ती म्हणाली. "धा दिस तुमी मला हात घासू दिलं."

 मी मान खाली घालून बसलो.

मग तिनं सामान परत बांधलं, पण रीळ बाहेर ठेवलं. "तुमच्याशी मी आता बोलनार न्हाई, दावदभाऊ. किती दिस ते मला म्हाईत न्हाई. पर तुमच्या दुकानाचा दोर घेऊन आमच्या वाडीची आनखी मानसं वर जात्यात. दोर बघाया मी येत जाईन. दोगं लागत्यात न्हवं?"

मी हो म्हणालो. ती आत गेली.

परत येऊन मी पहिलं काम केलं ते न्हाव्याच्या दुकानात जायचं. पाच माणसं बसली होती, त्यांच्यासमोर सगळं बोललो. अर्ध्या दाढीनं एकजण उठून उभा राहिला. आता बाजारात माझ्याबद्दल बोलतात ते बोलू देत. माळ्यावरच्या खुंटीवर आता दोरच आहे. लोकरी बंड्या मी वाटून टाकल्या, त्यातली एकही मला घरात नको होती.

आज बाजारचा दिवस. पुढच्या आठवड्यात दोन पाहुणे यायचेत, तुझा चुलत भाऊ त्यांना नेणार आहे. मी ओट्यावर तीन दोर काढून ठेवले होते आणि ती येईल असं मला वाटत नव्हतं. ती आली. अमिनानं पाणी पुढं केलं ते घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्या जागेवर बसली, डोळे मिटले आणि हात पुढं केला. मी दोराचं टोक तिच्या हातात दिलं.

 दोर तिच्या सोललेल्या बोटांतून माझ्या बोटांत येत होता, वीतवीत. बाजारातली माणसं थांबून बघत होती. पहिला दोर झाला. दुसरा अर्धा झाला आणि ती थांबली. तिनं तीच वीत पुन्हा चाचपली, कनवटीचं रीळ काढलं आणि काळ्या दोऱ्याची गाठ मारली. मग दोर माझ्याकडे सरकवला. मी त्या जागी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मला काहीच लागलं नाही.

मी विचारलं नाही, हैबती. दोर बाजूला काढला आणि तिसऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं.